गुडघ्याची माती

आमच्या तालमीत भांडणालासुद्धा शिस्त होती. दोन पोरांची जुंपली की वस्ताद कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या काठावरून विचारायचे, "संपणार कधी ते ठरलं का?" ठरलेलं नसायचंच. "मग आधी ते ठरवा. कोण काय म्हणाला की तो हरला, हे दोघांनी एकमेकांना तोंडानं सांगा. मग खुशाल भांडा." हे ठरवता ठरवताच बहुतेक भांडणं मरून जायची. जी उरायची ती मात्र वस्ताद मन लावून ऐकायचे आणि ठरलेला शब्द कुणाच्या तरी तोंडून निघाला की टाळी वाजवून म्हणायचे, "संपलं. अंघोळीला चला."

बाहेरच्या माणसांशीही त्यांचं असंच. एकदा वारज्याचा एक शेतकरी म्हैस विकायला आला होता. वारजे म्हणजे तेव्हा नुसती शेतं. वस्तादांनी म्हशीचे दात पाहिले, कास पाहिली आणि विचारलं, "हा सौदा मोडला असं कधी समजायचं?"

तो बिचारा गोंधळला. "अवो वस्ताद, तुमाला म्हस घ्यायची हाय का तिच्यासंगं लगीन लावायचंय?"

काकू, म्हणजे वस्तादांच्या पत्नी, आतून म्हणाल्या, "लग्नात विचारलं असतं तर मी तेव्हाच सांगितलं असतं."

काकूंनी हा नियम नवऱ्याकडून उचलला होता आणि तो त्यांच्यावरच चालवायच्या. "आज आमटी गार होईपर्यंत भांडू. नंतर मला धारा काढायच्यात." आणि खरोखर, आमटी गार झाली की दोघं गप्प.

मी हे लिहितोय तो पन्नाशी ओलांडलेला, बँकेच्या खुर्चीत रुंद झालेला माणूस. मला लहानपणापासून अपराधी वाटून घ्यायची सवय आहे. रिक्षावाल्याने वळण चुकवलं तरी मीच त्याची माफी मागतो. वस्तादांबद्दल लिहायचं बरीच वर्षं टाळलं, कारण लिहिलं असतं तर त्याचा माफीनामा झाला असता. त्यांना माफीनाम्यांचा कंटाळा होता. तेव्हा आज तसं होऊ द्यायचं नाही, असं ठरवून बसलोय.

आमची तालीम पुण्याच्या भवानी पेठेत, लष्करी कॅम्पच्या अंगाला. पुढे तालीम, मागे वस्तादांचा गोठा, गोठ्याला लागून त्यांच्या दोन खोल्या. वस्ताद उंचीने बेताचे. मान अशी नव्हतीच, खांद्यांवर थेट डोकं ठेवलेलं. दोन्ही कान कुस्तीत मोडून गोळा झालेले, थंड झालेल्या कांदाभज्यांसारखे. सकाळी सायकलला दुधाच्या किटल्या लावून कॅम्पात जायचे, आले की हौद्यात उतरायचे. हौद्यात ते लहानातल्या लहान पोरालाही अहोजाहो करत. "अहो, आपली मान आपण घरी विसरून आलात का?" किंवा, "आपण पाय लावलात हे छान झालं. आता दुसऱ्याला लावा." तोच पोरगा पायरी चढून बाहेर आला की, "गाढवा, दूध पिऊन जा." मी विचारलं होतं असं का. म्हणाले, "मातीत उतरलेल्याला मान द्यायचा असतो. बाहेर तुम्ही काय दिवे लावता ते मला ठाऊक आहे."

पण एक शब्द त्यांनी आम्हांला कधीच दिला नाही. इतर तालमींत कालच लंगोट बांधलेल्या पोरालाही "काय पैलवान!" म्हणतात. आमच्या वस्तादांच्या तोंडी तो शब्द नव्हता. तालमीच्या भिंतीवर काच लावलेलं एक भलंमोठं चित्र होतं, तेही भिंतीकडे तोंड करून टांगलेलं. त्याच्या पाठीच्या खिळ्यांना ते आपला टॉवेल अडकवायचे. चित्रात काय आहे ते पेठेत सगळ्यांना माहीत होतं. महायुद्धाच्या काळात इस्पितळात आलेल्या एका आफ्रिकन सोल्जरला वस्तादांनी हजारोंच्या गर्दीत चीत केलं होतं, आणि एका पेंटरने ते रंगवलं होतं. त्या एका कुस्तीवर वस्ताद वस्ताद झाले. त्या कुस्तीबद्दल कुणी विचारलं की ते म्हशींना पाणी पाजायला उठून जात.

आणि सगळ्यांत विचित्र म्हणजे आमचा गुडघ्याचा नियम.

आपल्याकडे मातीतल्या कुस्तीत पाठ टेकली की माणूस हरतो. गुडघा टेको, हात टेको, माणूस पालथा पडो, कुस्ती चालूच. आमच्या तालमीत मात्र गुडघा किंवा हात मातीला लागला की कुस्ती खलास. वरच्याने लगेच सोडायचं, दोन पावलं मागे सरायचं. कुस्तीच्या आधी दोघांनी समोरासमोर उभं राहून म्हणायचंही, "गुडघा टेकला की हरलो." पेठेत आम्हांला गुडघेवाले म्हणत. हसायचे लोक, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. ही सवय एकदा हातात भिनली की बाहेरच्या फडात तुम्ही मेलातच.

माझं मरण खराडीला झालं. आता तिथे काचेच्या इमारती आहेत आणि माझी मुलगी त्यातल्याच एकीत नोकरी करते. तेव्हा ते गाव होतं आणि जत्रेला कुस्त्यांचा फड भरायचा. मी कॉलेजात होतो, अंगात मस्ती होती. समोर गावातलाच एक पोरगा. मी त्याचा एकेरी पट काढला, म्हणजे एक पाय उचलला, तो कोलमडला, त्याचा गुडघा टेकला. आणि माझे हात सुटले. मी सोडले नाहीत, ते आपोआप सुटले. मी दोन पावलं मागे सरलो, लोकांकडे पाहिलं. तेवढ्यात त्याने मागून कंबर धरली, आणि पुढचं मला दिसलं ते आभाळ.

हलगी कडाडली. पुढे बसलेला एक म्हातारा पागोटं सावरत ओरडला, "आरं, सोडलास कशापायी? त्यो काय तुजा मेव्हना हाय?" सगळा फड हसला. "अन् पुन्याचा पैलवान म्हनं! जा बाबा, रेवड्या खा अन् घरला जा."

मी तसाच गोठ्यावर आलो. संध्याकाळची वेळ, वस्ताद धार काढत होते.

"त्याचा गुडघा टेकला होता?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

"टेकला होता."

"मग जिंकलास."

"फड हसला मला!"

"फडाचं सोड. त्याला माहीत आहे ना, आपण हरलो ते?"

"त्याला कसं माहीत असेल?" माझा आवाज चढला. वस्तादांसमोर आवाज चढवायची ती माझी पहिली आणि शेवटची वेळ. "त्याच्या तालमीत हा नियमच नाही! मी जिंकून थांबलो आणि त्याच्या हिशोबात कुस्ती चालूच होती. पाठमोऱ्या माणसाला धरलं त्याने!"

वस्तादांचे हात थांबले. म्हैस अस्वस्थ होऊन पाय बदलायला लागली. काकू कडबा टाकत होत्या, त्या हातातली पेंढी तशीच धरून म्हणाल्या, "सांगून टाका आता. नाहीतर हा पोरगा तालीम सोडतोय."

"काय सांगू?"

"भिंतीकडे तोंड करून ठेवलंय ते."

मग त्यांनी सांगितलं. बादली बाजूला ठेवली, म्हशीच्या पाठीवर हात ठेवला आणि बरंचसं तिलाच सांगितलं.

लढाईच्या दिवसांत ते कॅम्पातल्या लष्करी इस्पितळात दूध घालत. ब्रह्मदेशच्या आघाडीवरून आलेले शिपाई तिथे असत. गोऱ्यांचे वॉर्ड इकडे, आफ्रिकेतून आणलेल्यांचे पार तिकडे. ही काळी माणसं माणसं खातात, असं गोऱ्या शिपायांनीच हसत हसत पसरवलं होतं, आणि पेठेने ते न हसता मानलं होतं. दूधवाले त्या बाजूला किटली फाटकात ठेवून पळत.

"मीपण पळायचो," वस्ताद म्हणाले. "एक दिवस झाडाखाली एक जण घोंगडी पांघरून बसलेला. हिवतापाने डोळे पिवळे झालेले. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि स्वतःचा तसाच मोडलेला कान धरला. मग माझ्या कानाकडे बोट केलं. मग उठून असा वाकून उभा राहिला." वस्ताद पुढे झुकले, हात सैल सोडले, गुडघे किंचित दुमडले. "कुस्तीचा पवित्रा. तापानं थरथरत होता, पण पवित्रा बघशील तर दगडासारखा. मी किटली खाली ठेवली आणि मीपण वाकलो. दोघं तसेच उभे. नर्सबाईला वाटलं, आता मारामारी होते."

तेव्हापासून त्याला चालायला-फिरायला परवानगी मिळाली की वस्ताद त्याला सायकलच्या मागे, किटल्यांच्या मधे बसवून तालमीत आणायचे. पेठेतल्या बायका खिडक्या लावून घ्यायच्या आणि फटीतून बघायच्या.

"तालमीच्या दारात त्यानं न सांगता बूट काढले," वस्ताद म्हणाले. "गोरे साहेब बघायला यायचे, त्यांना प्रत्येक वेळी सांगावं लागायचं. ह्यानं बूट काढले, चिमूटभर माती घेतली आणि हुंगली."

"मी पहिल्या दिवशी ताकाचा तांब्या दाराआडून काठीनं सरकवला होता," काकू म्हणाल्या. "त्यानं ताक प्यायलं, तांब्या राखेनं घासला आणि पालथा घालून ठेवला. ह्यांनी आजवर कधी घासलाय?"

"दोन महिने येत होता. अंगात ताकद नव्हती, म्हणून मी त्याला कुस्तीला घेतलं नाही. माती उकरायचा, जोर मारायचा, दूध प्यायचा. भाषा एकच, पैलवान. मी त्याला म्हणायचो पैलवान, तो मला म्हणायचा पैलवान. बास."

पुढे तो बरा झाला आणि त्याची परत जायची वेळ आली. तेवढ्यात पेठेतल्या मोठ्या मंडळींच्या मनात कुस्ती लावायचं आलं. ते दिवसच तसे होते. पेठेतली किती तरी पोरं तुरुंगात, लोक मनात धुमसत होते. "साहेबाचा शिपाई चीत करायचा होता सगळ्यांना," वस्ताद म्हणाले. "साहेब हाताशी येत नव्हता. हा येत होता. तो बिचारा माझ्याइतकाच साहेबाचा. पण हे तेव्हा कोण बघतो? मीसुद्धा नाही बघितलं." इस्पितळातल्या अधिकाऱ्यांनाही गंमत वाटली. एका बाजूला बाकांवर शिपाई, गोरे पुढे आणि काळे मागे. दुसऱ्या बाजूला पेठ.

कुस्ती बराच वेळ चालली. मग सोल्जरने खाली वाकून वस्तादांचा पाय उचलला. वस्ताद फिरले, पण तोल गेला, उजवा गुडघा आणि एक हात मातीत टेकला.

"आणि त्यानं मला सोडलं. दोन पावलं मागे सरला. दोन्ही हात वर केले आणि आपल्या लोकांकडे वळला. तिकडे सगळे उठून उभे, एकानं गायलाच सुरुवात केली. मला काही कळेना. मला एवढंच दिसलं की त्याची पाठ माझ्याकडे आहे."

"मग?"

"मग काय! खराडीच्या पोरानं जे केलं ते. मागून कंबर धरली, उचलला, आपटला, छातीवर बसलो. हलग्या वाजल्या, फेटे उडाले. मी खाली बघितलं तर तो माझ्याकडे बघतोय. रागानं नाही. जेवता जेवता पुढचं ताट कुणी ओढून घेतलं तर माणूस कसा बघेल, तसा. मग उठला. लोक मला खांद्यावर घ्यायला आले तर त्यांच्यातून वाट काढून माझ्याजवळ आला, खाली वाकला, माझ्या गुडघ्याला बोट लावलं आणि बोटाची माती मला दाखवली. हसला. आणि गेला."

"तुम्ही त्याला नियम सांगितले नव्हते?"

"पैलवानाला कुस्तीचे नियम सांगायचे?" ते माझ्यावर खेकसले. "दोन महिने एका मातीत घाम गाळला होता आम्ही. मला वाटलं कुस्ती म्हणजे कुस्ती. त्यालाही तेच वाटलं असणार."

चार-सहा दिवसांनी वस्ताद दूध घालायला गेले, तर इस्पितळाच्या मैदानात आफ्रिकन शिपाई आपापसांत कुस्ती खेळत होते. एकाचा गुडघा टेकला. सगळे ओरडले. वरच्याने सोडलं, मागे सरला, दोन्ही हात वर केले, आणि पडलेला उठून हसत बाजूला झाला. वस्तादांनी किटल्या खाली ठेवल्या. आणखी एक कुस्ती पाहिली, मग आणखी एक. मग ते सोल्जरला शोधायला वॉर्डात धावले. पलंग रिकामा होता. त्याची तुकडी आदल्याच दिवशी रवाना झाली होती.

"नाव काय होतं त्याचं?" मी विचारलं.

"पैलवान म्हणत होतो ना. नाव विचारायचं राहिलं."

पुढे तालीम त्यांच्या हाती आली त्याच दिवशी त्यांनी चित्र भिंतीकडे वळवलं आणि हौद्यात उतरून नवा नियम सांगितला. बाकी काही नाही. मी असतो तर आयुष्यभर डोक्याला हात लावून बसलो असतो, भेटेल त्याला सांगत सुटलो असतो की मी किती वाईट आहे. त्यांनी नियम बदलला आणि धारा काढायला गेले. पण त्या संध्याकाळी गोठ्यात त्यांच्या लक्षात एक गोष्ट नव्याने आलेली मी पाहिली. इतकी वर्षं ते आम्हां पोरांना त्या सोल्जरच्या जागी उभं करत होते. हात वर करून, पाठमोरे. आणि फड आम्हांला मागून धरत होता.

"उद्यापासून बाहेर खेळशील तेव्हा पाठीपर्यंत जा," ते म्हणाले. "तालमीत नियम हाच."

पण तोवर उशीर झाला होता. पोरं दुसऱ्या तालमींत जायला लागली होती. त्याच सुमारास तालमीचा सुवर्णमहोत्सव आला. तालमीचे अध्यक्ष ताडपत्रीचे व्यापारी होते. माणूस वाईट नव्हता, तालमीवर त्यांचा जीव होता आणि ती रिकामी होताना त्यांना बघवत नव्हती. ते गोठ्यावर आले. मी तिथेच होतो.

"वस्ताद, स्पष्ट बोलतो. महोत्सवात आपला सत्कार करायचा. फेटा, शाल, सगळं. चित्र सरळ करून लावायचं, पाहुण्यांच्या हस्ते अनावरण. आणि त्या दिवसापासून गुडघ्याचं खूळ बंद. पुण्यात कुठं नाही असला नियम."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर आम्हांला दुसरा वस्ताद बघावा लागेल. मला वाईट वाटतं हे बोलताना."

"वाईट नका वाटून घेऊ. संपणार कधी तेवढं ठरवू. असं करा. समारंभात फेटा माझ्या डोक्यावर बसला, तर नियम गेला. नाही बसला, तर मी गेलो. कबूल?"

"कबूल," अध्यक्ष आनंदाने म्हणाले. फेटा न बसण्याचं काही कारण त्यांना दिसत नव्हतं. काकूंना दिसलं असावं. त्या म्हणाल्या, "म्हणजे आता म्हशी वाढवाव्या लागणार."

जाताना अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं. "तुमच्या कॉलेजात आफ्रिकेची मुलं आहेत ना? एखाद्याला घेऊन ये. स्टेजवर बसवू. फोटो चांगला येईल." माझ्या वर्गात केनियाचा एक मुलगा होता. आमची बऱ्यापैकी दोस्ती होती. पेठांत खोली द्यायला कुणी तयार नसल्याने तो हॉस्टेलमधेच राहायचा. मी त्याला म्हणालो, आमच्या तालमीत खेळाचा कार्यक्रम आहे, येतोस का? चित्राबद्दल बोललो नाही. तो इस्त्रीचा शर्ट आणि चकचकीत बूट घालून आला.

हौद्याच्या काठालाच स्टेज घातलं होतं. पडदा सरला. पेंटरने वस्तादांना भीमासारखं काढलं होतं आणि खालच्या माणसाला डोळे बाहेर आलेला, दात विचकलेला राक्षस. माझा मित्र बराच वेळ बघत राहिला. मग इंग्रजीत, अगदी हळू म्हणाला, "तू खेळाचा कार्यक्रम म्हणाला होतास."

अध्यक्षांचं भाषण झालं. तबकात फेटा आला. वस्तादांनी हात आडवा धरला, "जरा थांबा" म्हणाले आणि स्टेजवरून उतरून चपला काढून थेट हौद्यात गेले. धोतर वर खोचलं. मग सगळ्यांच्या देखत उजवा गुडघा मातीत टेकला, एक हात मातीत टेकला, आणि तसेच राहिले.

"नीट बघा," ते म्हणाले. त्यांचा आवाज तालमीत घुमायचा, लाउडस्पीकर लागत नसे. "ती कुस्ती इथं संपली होती. त्याच्या गावी गुडघा टेकला की माणूस हरतो. तो जिंकला आणि थांबला. उरलेली कुस्ती मी एकट्यानंच खेळलो."

मागून एक जुना माणूस ओरडला, "पण वस्ताद, तुमची पाठ कुठं टेकली होती?"

"माझी नव्हती टेकली. त्याच्या गावात पाठीपर्यंत जाऊच देत नाहीत माणसाला."

मग त्यांची नजर माझ्या मित्रावर गेली. "अरे, ह्यांना विचार, ह्यांच्याकडे माणूस कधी हरतो?"

मी विचारलं. माझा मित्र अवघडला. "मला माहीत नाही," तो म्हणाला. "माझे वडील विमा विकतात. मी हॉकी खेळतो."

मी तसंच मराठीत सांगितलं. लोक हसले. वस्तादही मातीत गुडघा टेकूनच खो खो हसले. "बरं झालं! मीपण अजून सगळे एकच समजत होतो." मग उठायला गेले आणि त्यांना उठता येईना. गुडघा धरला होता. त्यांनी एकदा प्रयत्न केला, दुसऱ्यांदा केला. आम्ही सगळे आपापल्या जागी खिळलेले. माझा मित्र उठला, स्टेजच्या कडेला बसला, बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट मोजे काढून शेजारी ठेवले, हौद्यात उतरला आणि बगलेत हात घालून त्यांना उभं केलं.

"बूट काढले बघ," वस्ताद बायकांच्या घोळक्यात बसलेल्या काकूंना ओरडून म्हणाले.

"दिसतंय मला," काकू म्हणाल्या.

अध्यक्ष तबक हातात घेऊन उभेच होते. "मग वस्ताद, त्या नियमाचं..."

"ठरलं होतं ना आपलं? फेटा बसला नाही. मी गेलो." त्यांनी मातीच्या हातांनी टाळी वाजवली. "संपलं. अंघोळीला चला."

दुसऱ्या दिवशी वस्ताद गोठ्यात होते आणि पंधरवड्यात तालमीत नवा वस्ताद आला. पोरं पुन्हा पाठीपर्यंत जायला लागली, जिंकायला लागली. मी वस्तादांच्या चेहऱ्यावर दुःख शोधत होतो, पण तिथे ते नव्हतं. उलट हौद्यातलं अहोजाहो त्यांनी म्हशींना सुरू केलं. "अहो, आपण जरा सरकता का?"

मी मात्र चित्राचं मनाला लावून घेतलं होतं. मित्राची माफी मागितली. तो "ठीक आहे" म्हणाला, पण पुढे माझ्याबरोबर चहाला आला नाही. नंतर मला कळलं की रविवारी तो एकटाच सायकलवरून गोठ्यावर ताक प्यायला जातो. काकू त्याला मराठीत बोलत आणि तो इंग्रजीत, आणि दोघांचं उत्तम चाललेलं असे. मी वस्तादांकडे जाऊन पुन्हा पुन्हा तेच उगाळलं, की मी त्याला असं नेऊन बसवायला नको होतं, मी फार वाईट केलं. त्यांनी थोडा वेळ ऐकलं. मग म्हणाले, "वाईट किती वेळ वाटून घ्यायचं ते ठरलंय का?"

"म्हणजे?"

"जेवणापर्यंत? परीक्षेपर्यंत? काहीतरी ठरव आणि तोवर मनापासून वाटून घे. नाहीतर हा तुझा धंदाच होऊन बसेल, गाढवा."

तो झालाच म्हणा. पण एवढं खरं, की इतक्या वर्षांत बँकेत कर्जदार, युनियनवाले, वरिष्ठ, कितीजणांशी वाद घातले, आणि समोरच्याचा गुडघा टेकलाय असं दिसलं की माझे हात आपोआप सुटतात. त्यात माझं अनेकदा नुकसान झालंय. त्याचं मला मुळीच वाईट वाटत नाही.

वस्ताद गेले तेव्हा मी दुसऱ्या गावी नोकरीला होतो. निरोप मिळताच आलो. त्यांना गोठ्यापुढच्या अंगणात ठेवलं होतं. जुन्या पैलवानाला नेताना त्याच्या छातीला आणि पाठीला तालमीची माती लावायची, अशी आमच्याकडे रीत आहे. पाठीला अशासाठी की जन्मात कुणाला लावू दिली नाही ती माती आता मानाने लागावी. नवे वस्ताद, तेही आता नवे राहिले नव्हते, हौद्यातली माती वाटीत घेऊन आले होते. त्यांनी दोघा पोरांना वस्तादांना कुशीवर वळवायला सांगितलं.

काकू उशाशी बसल्या होत्या. त्यांनी हाताने थांबवलं.

"पाठीला नको," त्या म्हणाल्या. "गुडघ्याला लावा. उजव्या."

नव्या वस्तादांना काही कळेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या हातातून वाटी घेतली आणि खाली बसलो.